गाठ पांढरी दिसते, कारण बाकीचं काळं पडतं

वाळूच्या ढिगाऱ्यात चुंबक फिरवला नाही असं मूल आमच्या पिढीत क्वचितच सापडेल. शेजारी कुणी घर बांधायला काढलं की रस्त्यावर वाळू येऊन पडायची. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला गोल चुंबक दोऱ्याला बांधायचा, वाळूतून ओढत न्यायचा आणि वर काढला की त्याला काळी दाढी फुटलेली असायची. आम्ही तिला लोखंडाचा चुरा म्हणायचो. तो चुरा नव्हताच. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून नद्यांमधून वाहत येतो आणि त्यातले मॅग्नेटाइटच्या जातीचे कण वाळूत उरतात, ती ही दाढी. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचा एक ऑक्साइड. तीन अणू लोखंडाचे, चार ऑक्सिजनचे.

याच मॅग्नेटाइटचे कण वाळूतल्या दाण्यापेक्षा दहा-वीस हजार पटींनी लहान बनवून, वर साखरेच्या जातीच्या पदार्थाचं वेष्टन चढवून माणसाच्या शिरेत सोडता येतात. मग एमआरआय काढला की शरीरातली कॅन्सरची गाठ ओळखू येते. बातम्यांमध्ये याला ‘चुंबकीय नॅनोकण’ म्हणतात. हे शब्द वाचले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं: बाहेरून चुंबक लावला, कण खेचले जाऊन गाठीवर बसले, गाठ दिव्यासारखी उजळली. चित्र छान आहे, पण चुकीचं आहे. माणसांवर आजवर जे उपयोग खरोखर चांगले ठरले, त्यांतल्या बहुतेकांत हे कण गाठीत जात नाहीत. ते गाठीच्या आजूबाजूला, निरोगी भागात जातात. गाठ दिसते ती तिच्यात ते नाहीत म्हणून.

हे कसं, ते कळायला आधी एमआरआयमध्ये काय चालतं ते पाहायला हवं.

आपल्या शरीरात पाणी भरपूर. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि प्रत्येकाच्या केंद्रात एक प्रोटॉन. हा प्रोटॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एमआरआयचं यंत्र म्हणजे मुळात एक अजस्र चुंबक. नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं असतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. त्यात शिरल्यावर प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलायला लागतात. दीड टेस्लाला ही डुलण्याची गती सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख फेऱ्या. त्याच गतीची रेडिओलहर सोडली (आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा खालची) की सगळे एका तालात येतात. लहर थांबली की ताल बिघडत जातो, आणि तो किती वेळात बिघडला हे यंत्र ऐकतं.

लेझीम डोळ्यांपुढे आणा. हलगी वाजते तोवर साठ पोरं एका ठेक्यात. हलगी थांबली की काही क्षण ठेका टिकतो, मग एक पुढे, एक मागे, आणि थोड्या वेळात नुसता छमछमाट. पोरांचा ठेका सुटायला लागणारा हा वेळ प्रत्येक ऊतीत वेगळा असतो. मेंदूत वेगळा, चरबीत वेगळा, यकृतात वेगळा. ज्या भागात ठेका लवकर सुटतो तो भाग चित्रात काळा, जिथे टिकतो तो उजळ. लहर थांबल्यावर प्रोटॉन पुन्हा मूळच्या दिशेला यायला जो वेळ घेतात, त्यावरूनही चित्र काढता येतं. ते दुसरं घड्याळ. दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालू असतात. डॉक्टरांना जे पाहायचं असेल त्याप्रमाणे यंत्र कुठल्या घड्याळाकडे जास्त लक्ष द्यायचं ते ठरवतं.

उंदरांच्या गाठींमध्ये हे वेळ निरोगी ऊतींपेक्षा वेगळे असतात, हे रेमंड डमॅडियन यांनी 1971 साली दाखवलं. त्यांवरून चित्र कसं काढायचं ते पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये मांडलं. पीटर मॅन्सफील्ड यांनी ते झपाट्याने काढण्याचं गणित बसवलं. 2003 चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं. डमॅडियन वगळले गेले आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. विज्ञानात इतकं उघड रुसणं सहसा दिसत नाही.

डमॅडियन यांच्या निरीक्षणात मात्र एक अडचण होती. गाठीचा वेळ आणि निरोगी भागाचा वेळ यांत फरक असतो, पण दर वेळी पुरेसा नसतो. यकृतातली सेंटिमीटरभराची गाठ आणि तिच्याभोवतीचं यकृत दोन्ही सारख्याच राखाडी रंगाचे दिसू शकतात. मग रंग वेगळे करायला बाहेरून काहीतरी घालावं लागतं. एमआरआय सेंटरवर “कॉन्ट्रास्ट द्यावा लागेल, क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन या” असं सांगतात ते याचसाठी.

नेहमीचा कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचा असतो. या धातूच्या आयनात जोडी न लागलेले सात इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे त्याच्या शेजारचं पाणी त्या दुसऱ्या घड्याळावर झटकन मूळ जागी येतं आणि तो भाग उजळतो. अमेरिकेत 1988 पासून तो वापरात आहे आणि कोट्यवधी लोकांना दिला गेला आहे. सुटा गॅडोलिनियम विषारी असतो म्हणून त्याला एका रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून देतात, आणि बहुतांश मूत्रपिंडावाटे तो बाहेर पडतो. मूत्रपिंडं थकलेली असली तर तो रेंगाळतो. क्रिएटिनिन विचारतात ते म्हणून. 2006 मध्ये मूत्रपिंडाच्या काही रुग्णांची कातडी टणक होण्यामागे तो असल्याचं लक्षात आलं. पुढे मेंदूतही त्याचे अंश साठतात असं दिसलं, आणि 2017 साली युरोपने सैल पिंजऱ्याच्या बऱ्याच प्रकारांना आवर घातला. पक्क्या पिंजऱ्याचे प्रकार आजही सर्रास वापरतात आणि घाबरून तपासणी टाळावी असं त्यात काही नाही. पण लोखंडाकडे पुन्हा पुन्हा वळून पाहण्याचं एक कारण हेही आहे. लोखंड शरीराच्या ओळखीचं आहे.

आता लोखंडाचा कण काय करतो? तो ठेका मोडतो. लेझीम चालू असताना मध्येच एकजण स्वतःचा ताशा काढून भलताच ताल बडवू लागला तर त्याच्या भोवतीच्या पोरांचं काय होईल, तसं. मॅग्नेटाइटचा कण स्वतःभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाकडं करतो. त्याच्या आसपास फिरणारे पाण्याचे रेणू प्रत्येक पावलाला वेगळं क्षेत्र अनुभवतात आणि ताल पार विस्कटतो. तो भाग काळा पडतो. कणाच्या स्वतःच्या आकारापेक्षा कितीतरी मोठ्या परिसरावर हा परिणाम होतो, म्हणून थोडंसं लोखंड पुरतं.

पण चुंबकाचे कण रक्तात सोडायचे तर एक भीती उघड आहे. ते एकमेकांना चिकटले तर? गुठळ्या होऊन केशवाहिन्या बुजतील. इथे लहानपणा कामाला येतो. कण दहा-वीस नॅनोमीटरचा झाला (एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर) की त्याची चुंबकीय दिशा एका जागी टिकतच नाही. आजूबाजूच्या उष्णतेचे धक्केच तिला सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटीपालटी करतात. सरासरी शून्य. म्हणजे शिरेत फिरताना तो चुंबक नसतोच. एमआरआयच्या मोठ्या क्षेत्रात शिरला की मात्र सगळी दिशा एका बाजूला येते आणि तो जोरकस चुंबक बनतो. बाहेर आला की पुन्हा काही नाही. याला ‘सुपरपॅरामॅग्नेटिक’ म्हणतात. नाव अवघड असलं तरी गोष्ट बाटलीत बघता येते.

मी ती एमएस्सीला असताना पाहिली. कृती अगदी साधी, पॅरिसच्या रेने मासार यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेली. लोखंडाचे दोन प्रकारचे क्लोराइड दोनास एक प्रमाणात पाण्यात विरघळवायचे. द्रावण पिवळट नारिंगी दिसतं. ढवळत ढवळत त्यात अमोनिया सोडायचा. नाक झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याच क्षणी अख्खं चंचुपात्र शाईसारखं काळं होतं. आमचा पहिला घाणा दुसऱ्या दिवशी तपकिरी झाला, कारण आत हवा राहिली होती आणि मॅग्नेटाइटचं पुढे ऑक्सिडीकरण झालं होतं. दुसऱ्या वेळी नायट्रोजन नीट सोडला. बाटलीच्या बाजूला चुंबक धरला तर सगळा काळा ऐवज सरकत जाऊन त्या भिंतीला टेकला आणि बाकी पाणी नितळ झालं. चुंबक काढून बाटली हलवली, तर पुन्हा सगळं मिसळून काळं. चुंबक गेल्यावर कणांना आपण चुंबक होतो याची आठवण राहत नाही, ती ही अशी.

इंजेक्शनात जाणारे कण अर्थात याहून फार काटेकोरपणे बनवतात. त्यांच्यावर डेक्स्ट्रान नावाचा, साखरेच्या साखळ्यांचा लेप असतो.

आणि मग हे कण रक्तात गेल्यावर कुठे जातात? माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट भौतिकशास्त्रात नाही, इथे आहे. आपल्या यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून काही भक्षक पेशी बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुप्फर यांनी 1876 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या कुप्फर पेशी. रक्तातून वाहत येणारा कचरा उचलणं हे त्यांचं काम. जीवाणू, मोडकळीला आलेल्या लाल पेशी, काय वाट्टेल ते. पाणथरीतही त्यांच्या भाऊबंद पेशी हेच करतात. शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा डेक्स्ट्रान चढवलेला कण त्यांच्या दृष्टीने कचराच. तासाभरात त्यांनी तो गिळलेला असतो.

आता यकृतात दुसरीकडून, समजा आतड्याच्या कॅन्सरमधून, पसरून आलेली गाठ आहे. ती आतड्याच्या पेशींची बनलेली आहे. तिच्यात कुप्फर पेशी नाहीत. अख्ख्या यकृतात झाडूवाले आहेत, फक्त या एका बोळात नाहीत. एमआरआय काढला की लोखंड गिळलेलं निरोगी यकृत काळंभोर आणि त्यात गाठ पांढऱ्या ठिपक्यासारखी लख्ख. आधी राखाडीत राखाडी असलेली गाठ आता लपत नाही.

अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळालेलं ‘फेरिडेक्स’ हे याच तत्त्वावर चालायचं. प्रमाण होतं वजनाच्या दर किलोला 0.56 मिलिग्रॅम लोखंड, सलाइनच्या बाटलीतून अर्ध्या तासात. साठ किलोच्या माणसाला साधारण 34 मिलिग्रॅम. तुलनेसाठी: जुन्या लाल पेशी मोडून आपल्या भक्षक पेशी रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोखंड तसंही हाताळतातच. म्हणजे दीड दिवसाचं जास्तीचं काम.

यात पळवाटाही आहेत. यकृताच्या स्वतःच्या काही गाठींमध्ये, अगदी निरुपद्रवी गाठींमध्ये आणि सुरुवातीच्या टप्प्यातल्या काही कॅन्सरमध्येसुद्धा, थोड्याफार कुप्फर पेशी असतात आणि त्या गाठी काळ्या पडतात. उलट सिरॉसिसने खराब झालेलं यकृत नीट काळं पडत नाही. तेव्हा पांढरा ठिपका म्हणजे कॅन्सर आणि काळा म्हणजे सुटलो, इतकं सरळ ते नव्हतं.

तरी फेरिडेक्स का बंद पडलं? 2008 मध्ये उत्पादन थांबलं. युरोपातलं त्याचं भावंड ‘रिझोव्हिस्ट’ही 2009 च्या सुमारास बाजारातून गेलं, जपानमध्ये मात्र राहिलं. विज्ञान चुकलं नव्हतं. काळा रंग हा मुळात अडचणीचा. चित्रात काळं दिसायला शेकडो कारणं असतात: जुना रक्तस्राव, हवा, शस्त्रक्रियेतली क्लिप. रेडिओलॉजिस्टला उजळणारं औषध वाचायला सोपं जातं. त्यात यकृताच्या मूळ पेशींमध्येच शिरणारा गॅडोलिनियमचा एक नवा प्रकार आला. तो झटकन टोचता येतो, रक्तपुरवठाही दाखवतो आणि वीस मिनिटांत यकृत उजळवून गाठ काळी दाखवतो. अर्धा तास सलाइन लावून, काहींची पाठ दुखवून, मग थांबून चित्र काढणार कोण? व्यवहारात चांगलं औषध नेहमीच जिंकत नाही, सोयीचं जिंकतं.

लसिका ग्रंथींची (लिम्फ नोड्सची) गोष्ट याहून जास्त चुटपुट लावणारी आहे. कॅन्सर पसरला का, हे ठरवताना डॉक्टर या ग्रंथी पाहतात. साध्या स्कॅनवर निकष एकच: आकार. आठ-दहा मिलिमीटरहून मोठी ग्रंथी म्हणजे संशय. पण कॅन्सरच्या पेशी शिरलेली ग्रंथी लहानही असते आणि साध्या संसर्गाने ग्रंथी सुजतेही. आणखी लहान, वीस-तीस नॅनोमीटरचे कण यकृताच्या झाडूवाल्यांना बराच वेळ चुकवतात, रक्तवाहिन्यांतून हळूहळू झिरपतात आणि दिवसाभराने लसिका ग्रंथींत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि निरोगी ग्रंथी काळी होते. कॅन्सरने बळकावलेल्या भागात भक्षकांना जागाच उरलेली नसते. तो पांढरा राहतो.

बोस्टन आणि नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या डॉक्टरांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या 80 रुग्णांवर हे करून 2003 मध्ये निष्कर्ष छापले. शस्त्रक्रियेने किंवा बायोप्सीने तपासलेल्या 334 ग्रंथींपैकी 63 मध्ये कॅन्सर निघाला. त्यांतल्या 45 ग्रंथी नेहमीच्या निकषांवर निर्दोष ठरल्या असत्या. साध्या एमआरआयने बाधित ग्रंथींपैकी 35.4 टक्के पकडल्या, कणांसह काढलेल्या एमआरआयने 90.5 टक्के. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं, दोन-तीन वर्षांत हे सगळीकडे दिसेल. झालं उलटंच. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने 2005 साली या कणांच्या मान्यतेविरुद्ध कौल दिला, आणि युरोपातला अर्ज 2007 मध्ये मागे घेतला गेला. नाइमेखनच्या लोकांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांनी ते औषध पुन्हा बनवून घेऊन वापर आणि चाचण्या चालू ठेवल्या.

हे कण बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने वेगळीच वाट धरली. तिने तशाच जातीचा कण रक्तक्षयावरचं औषध म्हणून आणला. 2009 मध्ये मान्यता मिळालेलं हे ‘फेरुमॉक्सिटॉल’, मूत्रपिंडाच्या रुग्णांना लोखंड भरून देण्यासाठीचं. एका डोसात 510 मिलिग्रॅम. रेडिओलॉजिस्टांच्या लगेच लक्षात आलं की हा तर आपला जुना कण, वेश बदलून आलेला. ज्यांना गॅडोलिनियम चालत नाही अशांसाठी आणि मेंदूच्या गाठींसाठी ते त्याचा वापर करू लागले. क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी होते म्हणून 2015 पासून त्यावर ठळक चौकटीतला इशारा आहे. लोखंड ओळखीचं असलं तरी शरीर दर वेळी त्याचं स्वागत करतंच असं नाही.

‘गाठीवर नेम धरून जाणाऱ्या’ कणांचं काय, हा प्रश्न राहतोच. कणाच्या अंगावर अँटिबॉडी चिकटवायची, ती कॅन्सरच्या पेशीवरचं कुलूप शोधेल, कण तिथेच बसेल. उंदरांमध्ये यावर प्रचंड काम झालं आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, फटी असलेल्या असतात, त्यातूनही कण झिरपतात असं 1986 पासून सांगितलं जातं. पण 2016 मध्ये टोरोंटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले असे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं 0.7 टक्के. बाकीचे बहुतेक त्याच आपल्या झाडूवाल्यांच्या पोटात. म्हणून ‘नॅनोकणांनी कॅन्सर शोधला’ अशी बातमी आली की मी आधी उंदीर शोधतो.

सध्या या कणांचं सगळ्यात जमिनीवरचं काम स्तनाच्या कॅन्सरमध्ये चाललंय, तेही एमआरआयशिवाय. गाठीतून निघालेला लसिकेचा प्रवाह काखेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोचतो, ती काढून तपासायची असते. तिचा माग काढायला किरणोत्सारी टेक्नेशियम वापरतात. ते सहा तासांत अर्धं होतं, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ त्याच्याशी जुळवावी लागते आणि त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग जवळ लागतो. त्याऐवजी स्तनात लोखंडाचे कण टोचायचे आणि पेनसारखा चुंबकीय प्रोब काखेवर फिरवायचा. ग्रंथीजवळ तो आवाज करतो, आणि कापल्यावर ती तपकिरी-काळी दिसतेसुद्धा. अमेरिकेत याला 2018 मध्ये मान्यता मिळाली. कातडीवर कधी कधी तपकिरी डाग बरेच महिने राहतो आणि नंतरच्या स्तनाच्या एमआरआयमध्ये त्या जागी काळी सावली येते. ही किंमत आधी सांगायला हवी.

हॅम्बुर्गमधल्या दोन संशोधकांनी 2005 साली पाण्याला बाजूला सारून थेट कणांचाच आवाज ऐकणारं यंत्र मांडलं. त्यात शरीर दिसतच नाही, दिसतात ते फक्त कण. उंदरांसाठी अशी यंत्रं विकत मिळतात, माणसाच्या डोक्यासाठीची अजून प्रयोगशाळांत आहेत.

गिळलेल्या कणाचं पुढे काय होतं? भक्षक पेशीच्या आत आम्लाची पिशवी असते. तिथे आधी साखरेचा लेप सुटतो, मग मॅग्नेटाइट हळूहळू विरघळतं. सुटलेलं लोखंड शरीराच्या साठ्यात जातं आणि तिथून नव्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये. पण हे सावकाश चालतं. फेरुमॉक्सिटॉलचा मोठा डोस घेतलेल्या माणसाचा एमआरआय तीन महिन्यांपर्यंत वेगळा दिसू शकतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. तेव्हा तुमच्या अमेरिकेतल्या मावशीने रक्त वाढवायला हे इंजेक्शन घेतलं असेल आणि नंतर भलत्याच कारणासाठी तिचा पोटाचा एमआरआय ठरला असेल, तर स्कॅनच्या आधी भरायच्या फॉर्ममध्ये इंजेक्शनचं नाव आणि तारीख लिहायला सांगा. नाहीतर तिचं काळंकुट्ट यकृत बघून रेडिओलॉजिस्ट शरीरात लोखंड साठण्याच्या आजाराची शंका लिहून मोकळा होईल.